तानूबाईंचा आकार

कलेला सीमा नसतात. हे वाक्य सिद्धू मास्तरांनी शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत भिंतीवर स्वतःच्या हाताने, अक्षरांना सावली देऊन लिहिलं होतं. निवृत्त होईपर्यंत ते रोज त्याच वाक्याखाली बसले आणि ज्या मुलाचा रंग रेषेबाहेर गेला त्याला पट्टीने मारत आले.

मास्तरांची स्वतःची कला बारामतीहून निघाली ती जास्तीत जास्त इंदापूरपर्यंत पोचली. तिथल्या एका सरकारी भिंतीवर त्यांनी पाणी अडवण्याचा संदेश रंगवला होता. पुढच्याच पावसाळ्यात ती भिंत पाण्याने पडली. मास्तरांनी ते मनाला लावून घेतलं नाही. आज्याची मेंढरं, बापाची शेती आणि त्यांचं ड्रॉइंग असा घराण्याचा तीन पिढ्यांत प्रवास झाला होता, आणि तो वरच्या दिशेने झाला असं सगळे धरून चालत होते.

निवृत्तीनंतर मास्तर न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळई घातली आणि उंबरा ओलांडायचा नाही अशी ताकीद दिली. मास्तर पुढच्या खोलीत कॉटवर पडले. त्यांच्या पत्नी तानूबाई कॉट आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये ये-जा करू लागल्या. भांडं द्यायचं, भांडं न्यायचं, कूस बदलायला हात लावायचा, चहा द्यायचा, चहा गार होता म्हणून ऐकून घ्यायचं. एका सकाळी आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

"काय पाडलंस?" मास्तरांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. मग त्यांनी आणखी मोठ्यांदा विचारलं, कारण एका हाकेत उत्तर न येण्याची त्या घरात पद्धत नव्हती.

पडल्या होत्या त्या तानूबाई. कॉटवरून स्वयंपाकघराचं दार दिसायचं, ओट्याखालची फरशी दिसायची नाही. शेजारचे धावत येईपर्यंत मास्तर हाका मारत होते. पहिल्या काही हाकांमध्ये राग होता. तो त्यांना पुढे पुष्कळ दिवस ऐकू येत राहिला.

माती मूळ गावी, बावड्याला झाली. दहावा नरसिंगपूरच्या संगमावर करायचा ठरला. मास्तरांना नेणं शक्य नव्हतं, म्हणून धाकट्या मुलाने, ऋतिकने, घाटावरून व्हिडिओ कॉल लावला. ऋतिक एमआयडीसीत नोकरीला होता आणि कुठल्याही अडचणीवर मोबाईल काढणं हा त्याचा स्वभाव होता.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, की गेलेल्या माणसाचं मागे काही राहिलं नाही असं समजतात. शिवला नाही, तर काय राहिलं असेल ते जमलेल्यांनी ओळखायचं आणि मोठ्यांदा कबूल करायचं. ही एक प्रकारची तोंडी परीक्षा असते. परीक्षक झाडावर बसलेला असतो.

"आई, ऋत्याचं लगीन मी जमवते गं," थोरली मनिषा म्हणाली. तिचं सासर वडगाव निंबाळकरला.

कावळा आला नाही.

"आई, गाडी हळू चालवीन," ऋतिक म्हणाला.

कावळ्याचा ह्यावर विश्वास बसला नसावा.

"अक्का, आपलं भांडान झालतं ते मी कवाच इसारले बघ," पळसदेवहून आलेली धाकटी बहीण अनिता म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. बाकीच्यांनी नातवंडांची शिक्षणं, गावच्या घराचे पत्रे, कुणाकुणाच्या जावळापासून मोतीबिंदूपर्यंत सगळं कबूल केलं. लांब एका बाभळीवर एक कावळा होता. तो पाठ करून बसला होता.

"तात्या, आता तुमीच बोला," ऋतिक म्हणाला आणि हात लांब करून त्याने मोबाईल पिंडासमोर धरला.

मास्तरांना बारामतीतल्या कॉटवरून भाताचा पिंड दिसला. त्याच्यामागे नदी होती. त्यांनी घसा साफ केला.

"मी गोळ्या वेळेवर घेईन," ते म्हणाले. मग जरा थांबून, "न्हाणीत रबरी चटई टाकून घेईन."

"तात्या, तुमचं न्हाय वो. आईचं काय राहिलं ते सांगा."

मास्तर पिंडाकडे बघत राहिले.

"तात्या? ऐकू येतंय का? तात्या, तुमी अडकलाय." मोबाईल गदागदा हलला. "नेटवर्क गेलं वाटतं."

नेटवर्क गेलं नव्हतं. भटजींना पुढचं कार्य होतं. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला, मंडळी हात जोडून जेवायला बसली. पानं वाढेपर्यंत सगळ्या भावकीत एकच वाक्य फिरलं, आणि नंतर भेटायला येणारा प्रत्येक जण ते कॉटपाशी घेऊन आला. तानूबाईंचं कायतरी राहिलं. येणारे हे वाक्य म्हणून मास्तरांच्या तोंडाकडे बघत, जसं काही ते काय राहिलं हे मास्तरांनीच उशीखाली दडवून ठेवलंय.

हाड काही जुळेना. डॉक्टरांनी खुबा पुन्हा उघडला आणि पुन्हा शिवला. घरात बसणं लांबलं. मनिषाने मुलाचा जुना टॅब आणून दिला.

"तात्या, ह्यात जगातली सगळी म्युझियम हायेत. ती बघत पडा. बातम्या बघून तुमचं बीपी वाढतंय."

मास्तर आधी युरोपात गेले. तिथल्या चित्रांत लोक एकतर जेवत होते किंवा मरत होते, आणि दोन्ही वेळी त्यांच्या अंगावर भारी कपडे होते. मास्तरांचं मन रमलं नाही. मग एके दिवशी कुठंतरी बोट लागलं आणि ते आफ्रिकेत पोचले.

आफ्रिकेबद्दलचं त्यांचं ज्ञान ग्रेड परीक्षेच्या संकल्पचित्रापुरतं होतं. मध्ये एक मुखवटा काढायचा आणि उरलेल्या जागेत त्रिकोण भरायचे. वर्षानुवर्षं ते हेच शिकवत आले होते आणि आफ्रिकेतून कधी तक्रार आली नव्हती. आता टॅबवर जे दिसायला लागलं त्यात त्रिकोण फारसे नव्हते. बाटल्यांची चपटी केलेली बुचं तारेने जोडून कुणी भिंतभर शालू केला होता. कुणी रॉकेलचे रिकामे डबे घेऊन त्यांची तोंडं केली होती, आणि ती तोंडं बावड्याच्या बाजारात भेटलेल्या माणसांची वाटत होती. एका बाईने आपल्या आईचे जुने कपडे मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवले होते. ते पांढरे, ताठ होऊन दोरीवर उभे होते. आत आई नव्हती.

मास्तरांनी सवयीने मार्क द्यायला सुरुवात केली. स्वच्छतेला कमी, कल्पकतेला बरे. त्या दोरीवरच्या कपड्यांपाशी आल्यावर त्यांनी मार्क देणं बंद केलं. घरात तानूबाईंची लुगडी अजून कपाटात होती. मनिषाने दोनदा विचारलं होतं की कुणाला देऊन टाकायची का, आणि दोन्ही वेळा मास्तरांनी चहा मागितला होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांना घानामधल्या एका कारागिराची चित्रफीत सापडली. हा माणूस लाकडाच्या शवपेट्या करायचा. पण पेटीसारखी पेटी नाही. मासेमार गेला तर माशाच्या आकाराची, कोकोचा बागायतदार गेला तर कोकोच्या शेंगेची, बाजारात कांदे विकणारी बाई गेली तर कांद्याची. त्यातल्या काही पेट्या म्युझियमवाल्यांना आवडल्या आणि त्यांनी त्या परदेशी नेल्या. आता काही पेट्यांत माणूस जात होता, तर काहींवर नुसता दिव्याचा झोत सोडून त्या काचेत ठेवल्या जात होत्या.

"ऋतिक, इकडे ये. हे बघ, बाईला कांद्यात घालून पुरतात."

ऋतिकने वाकून बघितलं. "आणि निर्यातबंदी लागली तर?"

मास्तर हसले. तानूबाई गेल्यावर पहिल्यांदाच हसले, आणि ते ध्यानात आल्यावर लगेच थांबले.

ऋतिक कामावर गेल्यावर त्यांनी चित्रफीत पुढे चालू केली. एक ट्रक ड्रायव्हर वारला होता. त्याच्यासाठी निळा ट्रक केला होता, झाकण उघडलं की आत गादी. ड्रायव्हरची बायको बघायला आली. धिप्पाड बाई. ती ट्रकभोवती फिरली आणि कारागिरावर डाफरायला लागली. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, मास्तर ती थांबवून थांबवून वाचत होते. मागचं फळकूट एका बाजूला लोंबतं, ते इतकं सरळ नको. उजव्या आरशाला हिरवं फडकं असतं. ते कुठंय? फडक्याशिवाय तो गाडी काढायचा नाही, आणि हे तुला कुणी सांगितलं नाही का? असं म्हणत ती त्याच लाकडी ट्रकवर हात टेकून रडली. कारागिराने ब्रश घेतला आणि फडकं काढून दिलं.

मास्तरांनी तो भाग पुन्हा लावला. मग पुन्हा. मग टॅब छातीवर पालथा ठेवून ते छताकडे बघत राहिले. तानूला कसली पेटी केली असती?

प्रश्न साधा होता. जन्मभर मास्तरांनी मुलांना असेच विषय दिले होते. त्यांनी मनिषाला फोन लावला.

"मने, आईसाठी पेटी करायची तर कशाच्या आकाराची?"

"तात्या, सकाळची गोळी घेतली का?"

"घेतली. तू सांग."

बराच वेळ पलीकडे भांडी वाजत राहिली. "शिलाई मशीन," मनिषा म्हणाली. "सारखी त्याच्यावरच असायची की."

"तिला आवडायचं का ते?"

"तुमचे लेंगे, ऋत्याचे शाळेचे कपडे, सगळं तीच शिवायची न्हवं."

"ते ठाऊक आहे. आवडायचं का?"

"ते..." मनिषा म्हणाली, "ते मला न्हाय ठावं, तात्या."

संध्याकाळी ऋतिकला विचारलं. "कुकर," तो पटकन म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. तो उठला आणि काही काम नसताना खाली जाऊन गाडी पुसत बसला.

अनिता भेटायला आली तेव्हा तिला मास्तरांनी टॅबवर तो ट्रक दाखवला. तिने तो बराच वेळ निरखला.

"ह्ये बरंय की वो. आमच्यात सरपणाला सुदीक भांडणं." मग ती म्हणाली, "अक्काला पुढच्या शिटावर बसायचं हुतं, दाजी."

"कुठल्या?"

"कुठल्याबी. तुमच्या लग्नात वऱ्हाडाच्या ट्रकात पुढं तुमचं मामा बसलं, आन् नवरी मागं हौद्यात, भांड्याकुंड्यात. इसारलात व्हय? त्येच्यावरनं किती हसायची. मग जीप आली, तितं तुमी पुढं. भाड्याची गाडी केली, तितं तुमी पुढं. म्हणायची, एकदा म्होरनं रस्ता कसा दिसतो त्ये बघायचंय."

"मला कधी बोलली नाही."

"बोलली असंल. तुमी पुढं हुता, मागचं ऐकू येत नसंल."

"मग तेच राहिलं असेल का गं तिचं?"

अनिताने लुगड्याचा काठ चाचपला. "ही लई जुनी गोष्ट, दाजी. पुढं पुढं म्हणायची न्हाय झाली ती. नंतर काय पायजे हुतं मला काय ठावं? मी बहीण. नवरा तुमी."

तानूबाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं. मला काय नको. जत्रेत, दिवाळीत, मास्तरांना वेतन आयोग लागला तेव्हा, दरवेळी. मला काय नको, पोरांना बघा. मास्तर हे वाक्य शाळेत शिक्षकांच्या खोलीत अभिमानाने सांगायचे. इतर शिक्षक आपापल्या बायकांची गाऱ्हाणी सांगत, तेव्हा ते डबा उघडत म्हणायचे, "आमच्या मंडळींना काही लागतच नाही." डब्यात त्यांच्या आवडीची भाजी असायची. तानूबाईंच्या आवडीची भाजी कोणती, हे मास्तरांना आता आठवून बघितलं तरी सापडेना. त्या सगळ्यांनंतर जेवत, आणि जे उरे ते खात. उरलेल्यात आवडीचं काय नि नावडीचं काय.

शेवटी त्यांनी कागद, पेन्सिल मागवली. स्मरणचित्र हा त्यांचा हातखंडा विषय. बाजार, लग्न, मेंढरांचा कळप, नळावरची गर्दी, काहीही सांगा, डोळे मिटून काढतील. त्यांनी तानूबाईंना काढायला घेतलं. हात भराभर चालला. अंबाडा आला, मान आली, पदर खोचलेली कंबर आली, ओट्यावर टेकलेला डावा हात आला. चित्र हुबेहूब झालं. मग मास्तरांच्या लक्षात आलं की ते पाठीकडून काढलंय. त्यांनी दुसरा कागद घेतला. पुन्हा पाठ. तिसऱ्या कागदावर त्यांनी आधी चेहऱ्याचा गोल काढला, नाक काढलं, डोळ्यांपाशी पेन्सिल थांबली. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत बघून डोळे काढता आले असते. पण तो फोटो रेशनकार्डाचा होता, आणि त्यातले डोळे कॅमेऱ्याला घाबरलेले होते.

त्या कारागिराच्या पानावर निरोप पाठवायची सोय होती. मास्तरांनी मराठीत लिहून टॅबकडून इंग्रजी करून घेतलं. लिहिलं ते असं: महोदय, मी भारतातील निवृत्त कलाशिक्षक आहे. आपले काम पाहिले. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या मनात काय होते ते कावळा आला की मिटते. माझ्या पत्नीच्या वेळी कावळा आला नाही. आपण पेटीचा आकार ठरवता तेव्हा त्या माणसाच्या मनातले कसे ओळखता? यामागे काही शास्त्र आहे का?

काही दिवसांनी उत्तर आलं. कारागिराच्या पुतणीने लिहिलं होतं. आपल्या दुःखात सहभागी आहोत. कावळ्याबद्दल माहिती नाही. आम्ही काही ओळखत नाही. बायको गेली असेल तर नवऱ्याला विचारतो, नवरा गेला असेल तर बायकोला. त्यांना माहीत असतं.

मास्तरांनी आभाराचा निरोप पाठवला नाही. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा खुबा थोडाफार चालता झाला होता. आधाराची चौकट धरून मास्तर खोलीतल्या खोलीत फिरत. त्यांनी सांगितलं की मी संगमावर येणार, आणि ह्या वेळी जे सांगायचं ते मी सांगणार. काय सांगणार ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, एवढं वर्ष घरात बसून तात्यांनी शोधून काढलं असणार. भावकीत तशी बातमीही गेली. मास्तरांनी शोधून काही काढलं नव्हतं. त्यांना एवढंच म्हणायचं होतं: तानू, तुला काय हवं होतं ते मला माहीत नाही, कारण मी कधी विचारलं नाही. वाक्य लहान होतं. ते उंबऱ्यापासून घाटापर्यंत त्यांना नीट न्यायचं होतं.

खाली ऋतिकने भाड्याची गाडी आणली होती. मास्तर मागचं दार उघडून उभे राहिले.

"तात्या, पुढं बसा की."

"मागे बसतो."

"तुमचा पाय दुमडतोय व्हय मागं?"

मास्तरांनी प्रयत्न करून बघितला. पाय दुमडला नाही. शेवटी दोघांनी धरून त्यांना पुढे बसवलं. इंदापूरच्या वाटेने रस्ता समोरून येत राहिला, दोन्ही बाजूंनी ऊस मागे सरत राहिला. मास्तर ते सगळं नीट बघत होते. मध्येच त्यांनी मान वळवून मागे काय दिसतं ते बघायचा प्रयत्न केला. मागे मनिषा डोळे मिटून बसली होती.

घाटावर सगळे जमले. भटजी तेच होते. पिंड मांडला, मंडळी मागे सरली. मास्तर चौकट टेकत टेकत एकटेच पुढे झाले. वारा नव्हता. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मास्तरांनी पिंडाकडे बघितलं.

"तानू," ते म्हणाले.

आणि कावळे आले. एक नव्हे, थवाच्या थवा आला. पहिल्याने पिंडावर चोच मारली, दुसऱ्याने त्याला हुसकावलं. मास्तर हात पुढे करून "थांबा, थांबा" म्हणत होते, पण मागे एवढा गलका झाला की ते कुणाला ऐकू गेलं नाही.

"शिवला!" भटजी म्हणाले. "उत्तम. चला, पानं मांडा."

"सुटली बाई माजी," अनिता रडत हसत म्हणाली. तिने मास्तरांचा दंड धरला. "काय वो दाजी, एका शब्दात आला! काय म्हणलात तुमी?"

"काही नाही," मास्तर म्हणाले.

"बघा, नवऱ्यालाच ठावं असतं," ती मागे वळून बायकांना म्हणाली.

मास्तर पुन्हा पिंडाकडे वळले. द्रोण उलटा पडला होता, आत शीत उरलं नव्हतं. तरी ते तिथेच उभे राहिले. मंडळी जेवायला गेली. मनिषा हाक मारून गेली, ऋतिक हाक मारून गेला. काठाला लावलेल्या होडीत एक म्हातारा होडीवाला जाळ्याची गाठ मारत बसला होता. तो बराच वेळ मास्तरांकडे बघत होता.

"झालं न्हवं मनासारखं?" त्याने विचारलं.

"मागच्या वर्षी कावळा आला नव्हता," मास्तर म्हणाले. "ह्याच दिवसांत. माझी बायको गेली होती."

होडीवाल्याने जरा आठवून बघितलं.

"मागल्या साली पल्याडच्या काठाला मासं उतरवलं हुतं," तो म्हणाला. "समदी कावळी तिकडं. त्या आठवड्यात हितं कुणालाच शिवली न्हाईत."